मुक्त संचाराचा कायदा आणि खाजगी पक्ष : युरोपीय न्यायालयाच्या भूमिकेची चिकित्सा

सारांश :
युरोपीय संघाच्या मूलभूत करारांनी माल, श्रमिक, सेवा, व्यवसाय-स्थापना आणि भांडवल यांच्या मुक्त संचाराची हमी दिली आहे. ही हमी प्रामुख्याने सदस्य राष्ट्रांच्या विरुद्ध होती. १९७४ पासून मात्र युरोपीय न्यायालयाने ती क्रीडासंघ, बँक, संशोधनसंस्था, कामगार संघटना आणि प्रमाणन मंडळे यांच्यापर्यंत टप्प्याटप्प्याने नेली. या विस्तारामागील युक्तिवाद कितपत सुसंगत आहे आणि त्याची मर्यादा कोठे असावी, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. खाजगी पक्षाला सरसकट बांधणे आणि सरसकट मोकळे सोडणे या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. बंधनाची तीव्रता त्या पक्षाकडील नियमनशक्तीच्या प्रमाणात ठरली पाहिजे, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : मुक्त संचार, क्षैतिज परिणाम, खाजगी पक्ष, सामूहिक कृतीचा हक्क, समानुपातिकता.

१. प्रस्तावना :
सीमेवरील नाके उठले म्हणजे संचार मुक्त झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु नोकरीच्या शोधात दुसऱ्या देशात गेलेल्या माणसाला अडविणारा प्रत्येक जण सरकारी अधिकारी असतोच असे नाही. कधी तो एखाद्या बँकेच्या जाहिरातीतील अटीने अडतो, कधी क्रीडासंघाच्या नियमाने, तर कधी प्रमाणपत्र देणाऱ्या खाजगी मंडळाच्या नकाराने. राज्याने मोकळी केलेली वाट खाजगी सत्तेने बंद केली तर कायद्याने काय करावे, हा युरोपीय संघाच्या कायद्यातील एक जुना आणि अद्याप न सुटलेला प्रश्न आहे. विधिशास्त्रात त्यास ‘क्षैतिज परिणामाचा’ प्रश्न म्हटले जाते. नागरिक आणि राज्य यांच्यातील संबंध हा उभा, तर नागरिक आणि नागरिक यांच्यातील संबंध हा आडवा, म्हणजेच क्षैतिज मानला जातो.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. त्याच्या एका टोकाला भेदभावाची झळ सोसणारा एकाकी उमेदवार आहे, तर दुसऱ्या टोकाला संपाच्या हक्कावर जगणारी कामगार संघटना आहे. एकाच सिद्धांताने पहिल्याला संरक्षण दिले आणि दुसरीला निःशस्त्र केले. म्हणूनच त्या सिद्धांताची तपासणी आवश्यक ठरते.

२. कराराची मूळ रचना :
१९५७ च्या रोम कराराने सामायिक बाजारपेठेचा पाया घातला. आजच्या क्रमांकानुसार अनुच्छेद ३४ मालाच्या, ४५ श्रमिकांच्या, ४९ व्यवसाय-स्थापनेच्या, ५६ सेवांच्या आणि ६३ भांडवलाच्या संचाराशी संबंधित आहे. १९६३ च्या व्हान गेंड एन लूस खटल्यात न्यायालयाने कराराच्या तरतुदी नागरिकांना थेट हक्क देतात, हे तत्त्व प्रस्थापित केले. तथापि तो खटला राज्याविरुद्धचा होता. खाजगी पक्षाविरुद्ध हेच हक्क बजावता येतील काय, याचे उत्तर त्यातून मिळाले नाही.

करारात खाजगी उद्योगसंस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. अनुच्छेद १०१ आणि १०२ स्पर्धेला बाधक असे संगनमत आणि बाजारातील प्रभुत्वाचा गैरवापर यांना मनाई करतात. त्यामुळे एक सरळ वाचन संभवते. राज्यासाठी मुक्त संचाराचे नियम आणि खाजगी उद्योगासाठी स्पर्धेचे नियम, अशी ही कामाची विभागणी आहे. या विभागणीला अर्थ आहे, कारण स्पर्धा कायद्यात किरकोळ व्यवहार वगळण्याची आणि लाभकारक करारांना सूट देण्याची सोय आहे. मुक्त संचाराच्या नियमांना अशी चाळणी नाही. ते सर्व खाजगी व्यवहारांस लावले तर स्पर्धा कायद्याने विचारपूर्वक आखलेल्या सीमा निरर्थक ठरतात. हा आक्षेप बिनतोड नसला तरी दुर्लक्षणीय नाही.

३. सामूहिक नियमन : वालराव्ह ते बॉसमन
या विभागणीला पहिला तडा १२ डिसेंबर १९७४ च्या वालराव्ह आणि कॉख या निर्णयाने गेला. सायकल शर्यतीच्या एका प्रकारात मोटारसायकलवरील गतिदर्शक पुढे असतो आणि स्पर्धक त्याच्या मागोमाग सायकल चालवितो. जागतिक स्पर्धेत हे दोघेही एकाच राष्ट्रीयत्वाचे असावेत, असा नियम आंतरराष्ट्रीय सायकल संघाने केला होता. दोन डच गतिदर्शकांनी त्यास आव्हान दिले. भेदभावाची मनाई केवळ सार्वजनिक प्राधिकरणांना लागू नसून रोजगार व सेवा यांचे सामूहिक रीतीने नियमन करणाऱ्या इतर नियमांनाही लागू आहे, असे न्यायालयाने म्हटले.

यासाठी दोन कारणे दिली गेली. राज्याने दूर केलेले अडथळे खाजगी संघटनांनी आपल्या स्वायत्ततेच्या बळावर पुन्हा उभे केले तर कराराचा हेतूच विफल होईल, हे पहिले कारण. काही देशांत कामाच्या अटी कायद्याने ठरतात, तर काहींत त्या करारांनी व संघटनांच्या नियमांनी ठरतात. मनाई फक्त राज्यापुरती ठेवल्यास तिची अंमलबजावणी देशागणिक विषम होईल, हे दुसरे कारण. दुसरे कारण अधिक भक्कम आहे. ते खाजगी पक्षाला खाजगी म्हणून बांधत नाही. तो राज्यासारखे काम करतो, म्हणून त्याला बांधते.

१५ डिसेंबर १९९५ च्या बॉसमन निर्णयात या विचाराचे सामर्थ्य दिसून आले. बेल्जियन फुटबॉलपटू जाँ-मार्क बॉसमन याचा लिएज येथील क्लबशी असलेला करार १९९० मध्ये संपला होता. तरीही हस्तांतर शुल्काच्या नियमामुळे त्यास फ्रान्समधील डंकर्कच्या क्लबकडे जाता आले नाही. न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूंसाठीचे हे शुल्क आणि संघातील परदेशी युरोपीय खेळाडूंवरील मर्यादा, दोन्ही बेकायदा ठरविले. येथे राज्याला जबाबदार धरण्याचा पर्याय व्यवहार्य नव्हता. युरोपीय आणि जागतिक फुटबॉल महासंघ कोणत्याही एका सदस्य राष्ट्राच्या हुकमतीत नाहीत. दोहोंची मुख्यालये संघाबाहेरील स्वित्झर्लंडमध्ये आहेत. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी लसाना दियारा या खेळाडूच्या प्रकरणात न्यायालयाने हीच दिशा पुढे नेली. करार मोडणाऱ्या खेळाडूबरोबर त्याच्या नव्या क्लबलाही भरपाईस जबाबदार धरणारे जागतिक महासंघाचे नियम श्रमिकांच्या मुक्त संचाराशी विसंगत ठरले. जेथे खाजगी संस्था संपूर्ण व्यवसायाचा कायदा लिहिते, तेथे तिला कायद्याबाहेर ठेवण्याचे कोणतेही समर्थन टिकत नाही.

४. एकट्या मालकापर्यंत : आंगोनेसे
६ जून २००० च्या आंगोनेसे निर्णयाने मात्र वेगळेच पाऊल टाकले. इटलीतील बोल्झानो येथील एका खाजगी बँकेने नोकरीच्या परीक्षेसाठी इटालियन व जर्मन या दोन्ही भाषांच्या ज्ञानाचे विशिष्ट प्रमाणपत्र मागितले होते. ते केवळ त्या प्रांतातच मिळत असे. रोमन आंगोनेसे हा इटालियन नागरिक ऑस्ट्रियात शिकून आलेला आणि दोन्ही भाषा जाणणारा होता. पण त्याच्याजवळ ते प्रमाणपत्र नव्हते. भाषाज्ञानाची अपेक्षा रास्त आहे, परंतु ते सिद्ध करण्यासाठी केवळ एकच, स्थानिक पुरावा मानणे हा राष्ट्रीयत्वाच्या आधारे होणारा भेदभाव आहे, असे न्यायालयाने ठरविले.

या निर्णयात सामूहिक नियमन नव्हते; एका मालकाची एक अट होती. न्यायालयाने आधार घेतला तो १९७६ च्या देफ्रेन निर्णयाचा. त्यात स्त्री-पुरुषांना समान वेतनाचे तत्त्व खाजगी मालकांनाही लागू ठरले होते. भेदभावाच्या मनाईपुरते हे साम्य योग्य आहे. शिवाय १९६८ च्या श्रमिकविषयक विनियमाने वैयक्तिक व सामूहिक करारांतील भेदभावकारक कलमे रद्दबातल ठरविली होती, आणि २०११ च्या विनियमातही ती तरतूद कायम आहे. म्हणजे मालकाने परदेशी श्रमिकाशी भेदभाव करू नये, ही अपेक्षा न्यायालयाने हवेतून निर्माण केलेली नाही. विधिमंडळानेही ती मान्य केली होती.

उणीव आहे ती युक्तिवादाच्या काटेकोरपणात. त्या प्रमाणपत्राने परदेशी उमेदवार जेवढा अडत होता, तेवढाच रोम किंवा नेपल्सचा इटालियनही अडत होता. प्रांतातील बहुसंख्य रहिवासी इटालियन आहेत, एवढ्यावरून राष्ट्रीयत्वाचा भेदभाव सिद्ध झाल्याचे मानणे ही मोठी झेप होती. तसेच, खाजगी मालकाने आपल्या बचावासाठी कोणती कारणे द्यावीत हे निर्णयात पुरेसे स्पष्ट होत नाही. राज्याला सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य अशी कारणे उपलब्ध असतात आणि केवळ आर्थिक कारण त्यास देता येत नाही. खाजगी उद्योग तर आर्थिक हेतूनेच चालतो. राज्याच्या मापाचा अंगरखा त्याच्या अंगावर चढविला तर तो बेढब दिसणारच.

५. प्रतिसत्तेला बांधणे : व्हायकिंग आणि लाव्हाल
खरा पेच डिसेंबर २००७ मध्ये उभा राहिला. फिनलंडची व्हायकिंग कंपनी हेलसिंकी आणि टॅलिन यांच्या दरम्यान ‘रोसेला’ ही नौका चालवीत असे. कमी वेतनात खलाशी मिळावेत म्हणून नौकेची नोंदणी एस्टोनियात हलविण्याचा तिचा बेत होता. फिनिश खलाशी संघटना आणि लंडनस्थित आंतरराष्ट्रीय परिवहन कामगार महासंघ यांनी त्यास विरोध केला. ११ डिसेंबरच्या निर्णयात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. संपासह सामूहिक कृती हा मूलभूत हक्क आहे. आणि तरीही व्यवसाय-स्थापनेचे स्वातंत्र्य कंपनीला संघटनेविरुद्ध थेट वापरता येईल. नोकऱ्यांना खरोखर धोका होता काय आणि कमी जाचक उपाय आधी वापरून झाले होते काय, हे राष्ट्रीय न्यायालयाने तपासावे, असा निर्देश दिला गेला.

आठवड्याभरातच, १८ डिसेंबर रोजी, लाव्हाल निर्णय आला. एका लाटव्हियन कंपनीने स्वीडनमधील व्हॅक्सहोम येथील शाळेच्या बांधकामासाठी आपले कामगार आणले होते. स्वीडिश सामूहिक करार करण्यास तिने नकार दिल्याने बांधकाम कामगारांच्या संघटनेने २००४ मध्ये कामाची नाकेबंदी केली. ही कृती सेवांच्या मुक्त संचारावरील असमर्थनीय निर्बंध ठरली. पुढे २००९ मध्ये स्वीडनच्या श्रम न्यायालयाने संघटनांना नुकसानभरपाईचा आदेश दिला. वेतन कायद्याने न ठरविता वाटाघाटींवर सोपविणारी स्वीडिश पद्धतीच या निर्णयामुळे अडचणीत आली.

येथे वालराव्हचा युक्तिवाद उलटा फिरला आहे. सायकल संघ किंवा फुटबॉल महासंघ नियम करतो आणि श्रमिकाला तो पाळावाच लागतो. संप करणारी संघटना मात्र नियम लादत नाही. नियम करण्याची ताकद असलेल्या मालकाला ती वाटाघाटीच्या मेजावर आणते. एक सत्ता आहे, दुसरी प्रतिसत्ता. दोघांना ‘खाजगी नियामक’ या एकाच शिक्क्याखाली आणणे म्हणजे दोहोंतील मूलभूत भेद पुसणे होय. १९९९ च्या अल्बनी निर्णयात न्यायालयाने स्वतःच हा भेद ओळखला होता. सामाजिक उद्दिष्टांसाठी केलेले सामूहिक करार स्पर्धा कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, असे त्यात म्हटले होते. व्हायकिंगमध्ये हे साम्य नाकारले गेले. ज्या करारासाठी स्पर्धा कायदा वाट सोडतो, त्याच करारासाठी केलेल्या संपाला मुक्त संचाराचा कायदा अडवितो, ही विसंगती आजही कायम आहे.

समानुपातिकतेची कसोटी येथे आणखी एका कारणाने अयोग्य ठरते. संपाचा परिणाम त्याच्या त्रासदायक असण्यातच असतो. ‘कमीत कमी जाचक’ संप मागणे म्हणजे बहुधा निष्प्रभ संप मागणे. त्यातच संघटनेला भरपाईचे भय असेल तर न्यायालयात जाण्यापूर्वीच ती माघार घेते. राज्याच्या तिजोरीवर पडणारा दंड आणि सभासदांच्या वर्गणीवर पडणारा दंड यांची झळ सारखी नसते.

दुसरी बाजूही नोंदविणे न्याय्य होईल. एस्टोनिया आणि लाटव्हिया २००४ मध्ये संघात आले. तेथील श्रमिकांना व कंपन्यांना कमी खर्च हीच स्पर्धेतील एकमेव जमेची बाजू होती. पश्चिम व उत्तर युरोपातील संघटना आपल्या सभासदांचे हित राखताना या नवागतांच्या वाटेत उभ्या राहत होत्या, हा आरोप सर्वस्वी निराधार नाही. ‘एकजूट’ हा शब्द कधी कधी कुंपणाचे काम करतो. परंतु हा वाद वितरणाचा आहे, आणि वितरणाचे वाद न्यायालयापेक्षा विधिमंडळात अधिक बरे सुटतात. २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने संपाचा हक्क व आर्थिक स्वातंत्र्ये यांचा मेळ घालणारा विनियम प्रस्तावित केला आणि अनेक राष्ट्रीय संसदांच्या आक्षेपानंतर त्याच वर्षी मागे घेतला. त्यानंतर २०१८ च्या सुधारित निर्देशाने परदेशात कामावर पाठविलेल्या श्रमिकांना केवळ किमान वेतनाऐवजी यजमान देशातील लागू मोबदल्याचा हक्क दिला. लाव्हालमुळे निर्माण झालेली बरीचशी अडचण अशा रीतीने कायद्याने हलकी केली. १० जून २०२१ रोजी नॉर्वेतील गोदी कामगारांच्या बहिष्कारासंबंधीच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने नॉर्वेला दोषी धरले नाही. तथापि आर्थिक स्वातंत्र्याला संघटन-स्वातंत्र्याच्या तोडीचा मूलभूत हक्क मानता येणार नाही, असे बजावले.

६. मालाचा अपवाद आणि राज्याचे दायित्व :
मालाच्या बाबतीत न्यायालयाने दीर्घकाळ सावधगिरी बाळगली. १९८७ च्या व्ह्लाम्स रायसब्युरोज निर्णयात हे नियम सार्वजनिक उपायांनाच लागू आहेत, असे सांगितले गेले. खाजगी कृत्यांसाठी वेगळा मार्ग निवडला गेला. फ्रेंच शेतकऱ्यांनी स्पॅनिश स्ट्रॉबेरी व अन्य कृषिमालाच्या मालमोटारी अडवून मालाची नासधूस केली, तेव्हा ९ डिसेंबर १९९७ च्या निर्णयात शेतकऱ्यांना नव्हे, तर पुरेशी कारवाई न करणाऱ्या फ्रान्सला जबाबदार धरले गेले. १९९८ मध्ये ब्रेनर महामार्ग पर्यावरणवाद्यांच्या निदर्शनांमुळे सुमारे ३० तास बंद राहिला. १२ जून २००३ च्या श्मिडबर्गर निर्णयात ऑस्ट्रियाने निदर्शनांना दिलेली अनुमती अभिव्यक्ती व सभास्वातंत्र्याच्या आधारे समर्थनीय ठरली.

या मार्गाचा गुण असा की, परस्परविरोधी हक्कांचा तोल सांभाळण्याचे काम राज्यावर पडते आणि त्यास निर्णयाची मोकळीक मिळते. निदर्शक स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही. व्हायकिंगचा विचार याच मार्गाने झाला असता, तर फिनलंडने संपाचा कायदा ठरविताना वाजवी तोल साधला काय, एवढाच प्रश्न उरला असता.

१२ जुलै २०१२ च्या फ्रा.बो निर्णयाने मालाच्या क्षेत्रातही दार किलकिले केले. जर्मनीतील एका खाजगी मंडळाने एका इटालियन उत्पादकाच्या तांब्याच्या जोडनळ्यांचे प्रमाणपत्र रद्द केले होते. ते प्रमाणपत्र नसलेला माल जर्मन बाजारात विकणे जवळजवळ अशक्य होते, कारण जर्मन कायदाच प्रमाणित माल नियमानुरूप मानत होता. म्हणून अनुच्छेद ३४ त्या मंडळाला लागू झाला. हा निर्णय या संपूर्ण मालिकेतील सर्वांत संतुलित म्हणावा लागेल. ‘हे मंडळ खाजगी आहे काय’ एवढेच विचारून न्यायालय थांबले नाही. ‘बाजाराची किल्ली त्याच्या हाती आहे काय’ हा प्रश्न त्याने निर्णायक मानला.

७. निकषांची मांडणी :
वरील विवेचनावरून तीन पायऱ्या सुचविता येतात.

पहिली पायरी राष्ट्रीयत्वाच्या आधारे होणाऱ्या उघड भेदभावाची. नोकरी देणारा मालक लहान असो वा मोठा, ही मनाई त्याच्यावर असावी. भेदभाव न करण्याने त्याच्या स्वायत्ततेवर पडणारा भार अल्प असतो, तर भेदभावाने उमेदवाराच्या प्रतिष्ठेला होणारी इजा मोठी असते. मात्र त्याला आपल्या व्यवसायाच्या वास्तविक गरजा कारण म्हणून मांडण्याची मुभा असावी.

दुसरी पायरी भेदभावरहित अडथळ्यांची. प्रत्येक खाजगी करार कोणाच्या ना कोणाच्या संचारास थोडाफार अडवितोच. म्हणून हे बंधन केवळ बाजारप्रवेशाची किल्ली हाती असलेल्या संस्थांवर असावे. बॉसमन, दियारा व फ्रा.बो येथे बसतात. शेजारच्या देशाचा माल न घेणारा ग्राहक येथे बसत नाही. त्याची आवड हा कायद्याचा विषय नव्हे.

तिसरी पायरी सामूहिक कृतीची. संप, बहिष्कार व निदर्शने यांना थेट बंधनातून वगळून राज्याच्या दायित्वाच्या मार्गाने त्यांचा विचार व्हावा. जेथे संघटना आपल्या शक्तीचा वापर केवळ परदेशी म्हणून एखाद्याला दूर ठेवण्यासाठी करते, तेथे पहिली पायरी आपोआप लागू होईल. त्यामुळे नवागत श्रमिक असंरक्षित राहत नाही.

८. भारतीय संदर्भ :
भारतीय वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने देशभर संचार, वास्तव्य व व्यवसाय यांचे स्वातंत्र्य दिले आणि अनुच्छेद ३०१ ने व्यापार मुक्त केला. अनुच्छेद १५(२), १७ व २३ खाजगी व्यक्तींनाही बांधतात. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आणि त्याबरोबरच कंत्राटदाराकडून होणारे उल्लंघन रोखण्याचे दायित्व राज्यावर टाकले. याउलट २००५ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’ नाही, असे बहुमताने ठरले. आणि त्याच वर्षी अहमदाबादेतील पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरला. ३ जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निर्णयात मात्र ४ विरुद्ध १ अशा बहुमताने अनुच्छेद १९ व २१ खालील हक्क राज्येतर व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे म्हटले गेले. कोणत्या व्यक्तीविरुद्ध, किती प्रमाणात आणि कोणत्या बचावासह, हे त्यात सविस्तर आखलेले नाही. युरोपीय अनुभवाचे महत्त्व नेमके येथे आहे. दार उघडणे सोपे असते. ते कोणासाठी उघडले हे नंतर कळते.

९. निष्कर्ष :
मुक्त संचाराचा कायदा खाजगी पक्षांस बंधनकारक असावा काय, या प्रश्नाचे ‘होय’ वा ‘नाही’ असे एका शब्दातील उत्तर देता येत नाही. खाजगी सत्तेला मोकळे सोडल्यास हक्क कागदावर राहतो. सर्व खाजगी पक्षांना सारखेच बांधल्यास दुर्बलांच्या हातातील साधनही हिरावले जाते. युरोपीय न्यायालयाने वालराव्हमध्ये सत्तेचा शोध घेतला, आंगोनेसेमध्ये भेदभावाचा, आणि व्हायकिंगमध्ये या दोहोंपासून दूर जाऊन केवळ अडथळ्याचा. पहिल्या दोन शोधांना न्यायाचे अधिष्ठान आहे. तिसऱ्याला ते अद्याप मिळालेले नाही. फुटबॉल महासंघ आणि खलाशांची संघटना यांना एकाच तराजूत घालणारा कायदा समानतेने वागल्यासारखा दिसतो, परंतु तराजूत वजन कोणाच्या बाजूने आधीच पडलेले आहे, हे पाहिल्याविना केलेले माप न्याय्य ठरत नाही.